बंद पडलेली ‘मुस्तफा’ची मशीन विकत घ्यावी का? छंद, दुरुस्ती आणि धंद्याचं खरं गणित



काही महिन्यांपूर्वी सेनगाव तालुक्यातल्या एका तरुणाचा फोन आला. नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय. म्हणाला, “सर, हळद विकली. सगळं देणं-घेणं जाऊन दोन लाख हाताशी राहिलेत. नांदेडला एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या सहा मशिनी विकायला आहेत. एक लाख वीस हजार म्हणतोय. घरासमोरची खोली रिकामी आहे. घेऊ का?”

मी विचारलं, “घरचे काय म्हणतात?”

“बाबा म्हणतात, त्यापेक्षा शेतात पाइपलाइन करू.”

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? आपल्या चॅनेलवर आपण शेवया मशीन, मसाला कांडप, पत्रावळी असले धंदे बघतो. जुन्या गेमच्या मशिनी हा विषय पहिल्यांदाच आला. पण त्याच्या मागचा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकाचा आहे. ज्या गोष्टीचा नाद आहे, त्यात घरचा पैसा घालायचा का? घालायचा तर किती?

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हटलं, “ॲडव्हान्स देऊ नको. रविवारी मी येतो. सोबत जाऊन बघू.” त्या रविवारचा आणि पुढच्या चार महिन्यांचा हा हिशोब आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते सगळं इथं लिहितोय. वही-पेन घेऊनच वाचा.

आधी हे समजून घ्या: ही मशीन म्हणजे काय?

ज्यांचं शाळकरी वय 1990 च्या दशकात गेलं, त्यांना सांगायची गरज नाही. बस स्टँडजवळ, टॉकीजच्या बाजूला, बाजारगल्लीत एक अंधारी खोली असायची. आत चार-पाच लाकडी कपाटं. प्रत्येक कपाटात टीव्ही, खाली दांडा आणि बटणं. रुपयाचं नाणं टाकलं की खेळ सुरू. आपल्याकडे कुणी ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असं नाव घेत नसे. सगळे म्हणायचे ‘मुस्तफा’. कारण त्यात मुस्तफा काइरो नावाचं एक पात्र होतं आणि प्रत्येकाला तोच घ्यायचा असायचा. हा गेम जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये काढला. त्याच कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ 1991 चा. पुढे 1996 मध्ये ‘मेटल स्लग’ आला. आपल्या मराठवाड्यातल्या पोरांनी जपानी कंपनीचा गेम एका पात्राच्या नावाने ओळखला. ब्रँड कसा तयार होतो, ते इथं बघा. कंपनीने ठेवलेलं नाव बाजूला पडलं, गिऱ्हाइकाने ठेवलेलं टिकलं.

धंदा म्हणून याची सुरुवात अमेरिकेत झाली. 1972 मध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाची मशीन एका बारमध्ये ठेवून बघितली. काही दिवसांनी निरोप आला, मशीन बंद पडली. ती बनवणारे इंजिनिअर अल अल्कॉर्न दुरुस्तीला गेले. उघडून बघतात तर बिघाड काहीच नाही. नाण्यांचा डबा इतका भरला होता की आत नाणं जाईना! असा बिघाड देव प्रत्येक धंदेवाल्याला देवो.

पुढे 1978 मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, 1980 मध्ये ‘पॅक-मॅन’ आला. 1985 मध्ये जपानमधल्या कंपन्यांच्या संघटनेने ‘जम्मा’ नावाचं एक स्टँडर्ड ठरवलं. कपाटातली वायरिंग आणि गेमचा बोर्ड जोडायचा 56 पिनांचा कनेक्टर सगळ्यांनी सारखा ठेवायचा. म्हणजे एका गेमचा कंटाळा आला की पूर्ण मशीन बदलायची गरज नाही. जुना बोर्ड काढा, नवा लावा. आपल्याकडच्या पार्लरवाल्यांना ही सोय फार कामाला आली. आज जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्यालाही तीच सोय वाचवते.

मग पार्लर बंद का पडली? घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आले, मग सायबर कॅफे, मग मोबाइल. गिऱ्हाइकाला खेळ घरी मिळाला तर तो नाणं टाकायला का येईल? म्हणून त्या तरुणाला माझा पहिला प्रश्न हाच होता. “मोबाइलवर फुकट खेळणारं लेकरू तुझ्या खोलीत पैसे देऊन कशाला येईल?” त्यावर तो म्हणाला, “सर, मोबाइलवर मागे उभं राहून ओरडणारे मित्र नसतात.” उत्तर चांगलं होतं. पण चांगल्या उत्तराने हप्ता फिटत नसतो. म्हणून आपण नांदेडला गेलो.

मशीन बघायला जाताना: पाच तपासण्या

मालक भला माणूस होता. चहा पाजला. म्हणाला, “शेवटपर्यंत चालू होत्या.” मी विचारलं, “शेवट म्हणजे कधी?” म्हणाला, “2009 ला शटर ओढलं.” म्हणजे ‘चालू होत्या’ या वाक्याला इतकी वर्षं होऊन गेली! जुना माल घेताना हे लक्षात ठेवा. ‘चालू होती’ आणि ‘चालू आहे’ यांच्यामध्ये तुमचे पैसे अडकलेले असतात.

आम्ही सोबत टॉर्च, मल्टिमीटर, स्क्रू-ड्रायव्हर आणि हिंगोलीतले एक जुने टीव्ही मेकॅनिक काका घेऊन गेलो होतो. काकांचं दुकान पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले तेव्हाच बंद पडलं. त्यांची रोजची मजुरी ठरवून, आधी हातात देऊन नेलं. जाणकार माणूस फुकट नेऊ नका. फुकटचा सल्ला आपण ऐकत नाही.

काकांनी जे तपासलं ते असं.

पहिलं, लाकूड. कपाट मागून, खालून बघायचं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक प्लायमध्ये दाबायचं. आत गेलं तर वाळवी. सहापैकी दोन कपाटं तिथंच बाद झाली.

दुसरं, पिक्चर ट्यूब. काचेला तडा आहे का? बंद पडद्यावर एखाद्या गेमची सावली कायमची उमटलीय का? वर्षानुवर्षं एकच चित्र चालवलं की ट्यूबचा थर तिथं भाजतो. तो डाग कधीच जात नाही. काका म्हणाले, “ट्यूब चांगली असेल तर बाकी सगळं बसवता येतं. ट्यूब गेली की संपलं. नवी आता कुणी बनवत नाही.”

तिसरं, गेमचा बोर्ड. गंज, उंदराचा मूत, तुटलेल्या चिपा, पूर्वी कुणी केलेली गचाळ सोल्डरिंग बघायची. कॅपकॉमच्या त्या काळच्या काही अस्सल बोर्डांवर एक छोटी बॅटरी असते. ती संपली की आतली माहिती पुसली जाते आणि बोर्ड नीट चालेनासा होतो. शिवाय आपल्याकडे फिरलेले बरेच बोर्ड नकली होते. नकली बोर्ड अस्सलच्या भावात घेऊ नका.

चौथं, वायरिंग. उंदराने कुरतडलेली वायर दिसली की पूर्ण वायरिंग नवीन धरूनच भाव करायचा.

पाचवं, चालवून बघणं. आणि इथं काकांनी मला थांबवलं. “सर, इतकी वर्षं बंद असलेली मशीन सरळ प्लगात घालायची नसते. आधी उघडायची, साफ करायची, फुगलेले कंडेन्सर बघायचे, गेमचा बोर्ड बाजूला काढून सप्लायचं व्होल्टेज मोजायचं.” मालकाने घाईने प्लग लावला असता तर धूर निघाला असता आणि भांडण आमचं झालं असतं.

सहापैकी दोघींचा पडदा उजळला. त्यातली एक ठीक होती. तिच्यासोबत तीन सुटे बोर्ड होते. आमचा सौदा एका मशीनचा आणि तीन बोर्डांचा झाला, 14 हजारांत. पोराचा चेहरा पडला होता. त्याला सहाच्या सहा हव्या होत्या. परतीच्या रस्त्यावर वसमतपर्यंत तो बोलला नाही.

माझी चूक आधी सांगतो

तुम्हाला वाटेल, सर घाबरट आहेत. तर ऐका. 2012 मध्ये मीही अशी एक मशीन घेतली होती. भंगारात जाणार होती, मला दया आली. 11 हजार दिले. वाटलं, क्लासच्या रिसेप्शनला ठेवू, पोरं खूश होतील. दुरुस्तीला दिली, माणसाने सात हजार घेतले, मशीन दोन आठवडे चालली. मग बंद. मी ती मागच्या खोलीत ढकलली. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, खालून वाळवी लागली. दिवाळीची साफसफाई करताना कपाटाचं बूड हातात आलं.

18 हजार गेले, त्याचं मला इतकं वाटलं नाही. पण बायकोने मला एक प्रश्न विचारला होता. “तुम्ही लोकांना खर्च लिहायला शिकवता. याचा खर्च कुठं लिहिलाय?” कुठंच लिहिला नव्हता. नादाचा खर्च आपण लिहीत नाही, कारण लिहिला तर दिसतो.

म्हणून त्या तरुणाला मी एकच अट घातली. मशीनसाठी वेगळी वही. चहापासून टेम्पोपर्यंत सगळं त्यात.

दुरुस्ती: चार महिन्यांत काय काय झालं?

पहिला महिना फक्त लाकडात गेला. मशीन रिकामी केली. खालचं बूड आणि मागची फळी नवीन टाकली. गावच्या सुताराने सनमायका बसवला. खाली लोखंडी पाय लावले, म्हणजे कपाट जमिनीपासून वर राहतं आणि वाळवी, ओल दोन्हीपासून वाचतं. मातीच्या किंवा जुन्या दगडी घरात मशीन ठेवणार असाल तर हे आधी करा. मी केलं नव्हतं!

दुसऱ्या महिन्यात वीज. आपल्या खेड्यांत व्होल्टेज कधी डीम, कधी एकदम चढतं. म्हणून स्टॅबिलायझर घेतला आणि खोलीला नीट अर्थिंग करून घेतलं. या मशिनींच्या बऱ्याच जुन्या मॉनिटरचं चेसिस सरळ मेन लाइनला जोडलेलं असतं. त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो नसेल तर चेसिसला हात लावणं म्हणजे उघड्या वायरला हात लावणं. खर्च वाचवायला लोक तो गाळतात. तुम्ही गाळू नका.

तिसरा महिना मॉनिटरचा. चित्र मधोमध एका आडव्या रेघेत आकसत होतं. काकांनी ऐकताक्षणी सांगितलं, “व्हर्टिकल सेक्शन.” ड्राय सोल्डर पुन्हा मारले, कंडेन्सर बदलले. ईएचटी कमजोर होता, तोही बदलला. सुटे भाग हैदराबादच्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीतून आणले. आपल्या भागातून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. हुकमी मालासाठी मुंबई आहेच. जुन्या वस्तूंसाठी पुण्याचा जुना बाजार आहे, तो बुधवारी आणि रविवारी भरतो.

इथं थांबून एक गोष्ट ठळक सांगतो. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. काका ट्यूब उघडायच्या आधी प्लग काढायचे, अर्थला जोडलेल्या वायरचा इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवून ती डिस्चार्ज करायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा करायचे. एक हात पाठीमागे ठेवायचे, म्हणजे शॉक छातीतून जाऊ नये. हे यूट्यूब बघून करायचं काम नाही. माझ्या व्हिडिओवरून तर अजिबात नाही! जाणकार सोबत नसेल तर मॉनिटरला हात लावू नका. पूर्ण मॉनिटर काढून एलसीडी लावणारेही आहेत. चित्राची मजा थोडी कमी होते, धोका पुष्कळ कमी होतो.

चौथा महिना बोर्डाचा. कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. त्या पेन्सिलच्या खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्या. सप्लाय जुना होता, नवीन टाकला. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात आणि ते बोर्डावरच मोजायचे, सप्लायवर नाही. वायरमध्ये गळती होते. साडेचार मिळाले तर गेम मध्येच अडकतो आणि माणूस उगाच चिपांना दोष देतो. दांडा आणि बटणांखालचे मायक्रोस्विच बदलले. तीनपैकी दोन बोर्ड चालले. त्यातला एक ‘मुस्तफा’ निघाला.

आता वही उघडा.

मशीन आणि बोर्ड 14,000. टेम्पो 1,800. कंडेन्सर आणि ईएचटी 1,450. पॉवर सप्लाय 900. दांडे-बटणं 2,100. प्लाय, सनमायका, सुतार 4,200. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर 2,600. स्टॅबिलायझर 2,300. हैदराबादच्या दोन फेऱ्या 1,900.

एकूण 31,250 रुपये.

काकांची मजुरी यात नाही. त्यांनी पहिल्या दिवसानंतर पैसे घेतलेच नाहीत. म्हणाले, “हात चालू राहतो.” पण तुम्ही हिशोब करताना ती धरा. सगळ्यांच्या नशिबी काका नसतात.

14 हजारांची मशीन 31 हजारांना पडली. म्हणजे दुपटीहून जास्त. आता सहा मशिनींचा विचार करा. 1,20,000 खरेदी आणि प्रत्येकी साधारण 17 हजार दुरुस्ती धरली तर 1,02,000. एकूण 2,22,000. हातात होते दोन लाख! सगळी हळद जाऊन वर 22 हजारांचं कर्ज झालं असतं. आणि दोन कपाटं तर वाळवीचीच होती.

हा हिशोब मी फोनवर सांगितला असता तर त्याला पटला नसता. स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, तेव्हा पटला.

खोली टाकून तिकीट लावलं तर?

चला, एक उदाहरण घेऊ. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमच्या गावाचे आकडे तुम्ही टाका.

समजा चार मशिनी, प्रत्येकी 31 हजार. म्हणजे 1,24,000. खोलीची वायरिंग, अर्थिंग, रंग 16,000. एकूण भांडवल 1,40,000.

तासाला 50 रुपये. शनिवार-रविवार महिन्यात आठ दिवस, रोज दहा लेकरं: 4,000. बाकी 22 दिवस, रोज तीन: 3,300. जमा 7,300.

खर्च बघा. वीज 1,200. दुरुस्तीसाठी बाजूला 2,000. किरकोळ 500. एकूण 3,700.

शिल्लक 3,600. भांडवल फिटायला जवळजवळ 39 महिने.

पण थांबा, तुम्ही रोज पाच तास तिथं बसणार. महिन्याचे 150 तास. 3,600 भागिले 150 म्हणजे तासाला 24 रुपये! हळद काढणीची मजुरी याहून कितीतरी जास्त आहे. स्वतःचा वेळ फुकट धरून जो धंदा फायद्यात दिसतो, तो फायद्यात नसतो. हे वाक्य वहीत लिहा.

आता दुसरा रस्ता. मशीन भाड्याने द्यायची. वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, लग्न, दुकानाचं उद्घाटन. समजा महिन्याला चार ऑर्डर, प्रत्येकी 2,500. जमा 10,000. टेम्पो 3,600, मदतनीस 2,000, दुरुस्ती 1,000 वजा. शिल्लक 3,400. शिल्लक तेवढीच दिसते, पण तास फक्त 32. म्हणजे तासाला 106 रुपये. आणि त्यासाठी चार मशिनी लागत नाहीत, एक-दोन पुरतात. अट एकच. भाड्याची मशीन एलसीडीची ठेवा. पिक्चर ट्यूब टेम्पोत, आपल्या रस्त्यांवर, किती फेऱ्या टिकेल हे मी सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हिंगोलीचा दसरा आहे. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा, रामलीला मैदानावर लोटणारी गर्दी. औंढ्याची महाशिवरात्रीची जत्रा आहे. वर्षातले हे मोजके दिवस एखाद्याची वर्षाची मशीन-दुरुस्ती काढून देऊ शकतात. पण जागेचं भाडं, परवानगी आणि चोवीस तास राखण हे आधी विचारा.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, आणि तो कुणी बघतच नाही. चार महिन्यांत त्या पोराला सोल्डरिंग आलं, मल्टिमीटर वाचता आलं, सप्लाय दुरुस्त करता आला. गावात इन्व्हर्टर, मिक्सर, स्टॅबिलायझर, फवारणी पंपाचे चार्जर बिघडतातच. मशीन हे कॉलेज समजा, 31 हजार ही फी समजा. मग हिशोब वेगळा दिसतो.

बाहेरच्या दोन गोष्टी

अमेरिकेत शिकागोजवळ ब्रुकफील्ड गावात ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचं ठिकाण 2010 मध्ये सुरू झालं. शेकडो जुन्या मशिनी. तिथं नाणं टाकायचंच नाही. दारात एकदा पैसे द्या, दिवसभर खेळा. यात शिकण्यासारखं काय? नाण्याच्या हिशोबात गिऱ्हाईक प्रत्येक डावाला विचार करतं. तिकीट काढलं की ते निवांत होतं, मित्रांना आणतं, चहा-वडा घेतं.

दुसरी गोष्ट पुण्याची. कोथरूडजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभर छंद म्हणून रेल्वेची मॉडेल्स बनवली आणि 1998 मध्ये ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं. आधी छंद, मग कितीतरी वर्षांनी तिकीट. उलटं करायला गेलं की घाई होते.

कायद्याचं थोडं, पण महत्त्वाचं

घरी स्वतःसाठी मशीन ठेवली तर प्रश्न नाही. लोकांना पैसे घेऊन खेळवलं की ती सार्वजनिक करमणुकीची जागा होते आणि त्याला परवाना लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या करमणूक शाखेत जाऊन आधी विचारा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचंही बघा. घरगुती मीटरवर धंदा चालवू नका.

खेळून पैसे जिंकता येतील अशी कुठलीही सोय ठेवू नका. रोख बक्षीस, पॉइंटचे पैसे, काहीच नाही. जुगारबंदीचा कायदा 1887 पासूनचा आहे आणि ‘व्हिडिओ गेम’च्या पाटीखाली जुगार चालवणाऱ्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात, हे आपण पेपरात वाचतो. त्या पाटीची बदनामी तिथूनच झाली. तुमच्या खोलीत आईबाप लेकरांना पाठवतील की नाही, हे यावर ठरणार. शाळेच्या वेळेत शाळकरी मुलांना आत घेऊ नका. कायदा राहू द्या बाजूला, गावात तोंड दाखवायचंय.

एका छोट्या बोर्डात शेकडो गेम भरलेले मिळतात. ते स्वस्त असतात, पण त्यातले बहुतेक गेम परवानगीशिवाय भरलेले असतात. त्यावर धंदा उभा करणं जोखमीचं आहे. आणि उरलेला बाद माल, फुटक्या ट्यूबा उकिरड्यावर टाकू नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडेच द्या.

धंदा करायचाच ठरला तर उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याला हात जोडा.

मग त्या पोराचं काय झालं?

मशीन चालू झाली त्या संध्याकाळी त्याने मला बोलावलं. काका पण होते. लाइट नेमकी गेली. तासभर अंधारात बसलो. लाइट आली, पडदा उजळला, आवाज आला आणि गल्लीतली वीस-पंचवीस लेकरं दारात. त्यांच्या मागे त्यांचे बाप. बापांनाच जास्त घाई होती!

त्याचे वडील मागे भिंतीला टेकून उभे होते. मी विचारलं, “बाबा, तुम्ही नाही खेळणार?”

म्हणाले, “आमच्या वेळेला रुपया नव्हता.”

पोराने काही न बोलता त्यांच्या हातात नाणं दिलं. त्यांनी ते थोडा वेळ नुसतं धरलं. मग टाकलं. दोन मिनिटांत हरले. सगळे हसले, तेही हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, सगळे दोन लाख गेले असते तर मी याच्याशी बोललो नसतो.”

पाइपलाइन उरलेल्या पैशातून झाली. पोरगा आतापर्यंत तीन वाढदिवसांना मशीन घेऊन गेला. एकदा टेम्पोत दांडा तुटला, ती ऑर्डर तोट्यात गेली. ते त्याने वहीत लिहिलंय. दुसरी मशीन घ्यायची म्हणतोय. मी म्हटलं, पहिलीचे 31,250 वसूल झाले की ये. अजून झालेले नाहीत. तो नाराज आहे माझ्यावर. असू दे.

तुमचा गृहपाठ

तुमचा नाद मशिनींचा नसेल. जुन्या बुलेटचा असेल, कॅमेऱ्याचा असेल, देशी गाईंचा असेल. आज रात्री जेवण झालं की चार ओळी लिहा.

एक, या नादात आतापर्यंत किती गेले? खरा आकडा लिहा. दोन, अजून किती गेले तर घरात अबोला होईल? तुमची मर्यादा तो आकडा आहे. बँक किती देते, याच्याशी तिचा संबंध नाही. तीन, यातून हाताला कोणतं कसब आलं, जे दुसरीकडे विकता येतं? चार, एकच नग घेऊन, एकच गिऱ्हाईक गाठून बघता येईल का?

चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तेवढंच करा. ‘नाही’ असेल तर पैसे घरी ठेवा आणि वडिलांना विचारा, पाइपलाइन कुठून न्यायची.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही चालू ठेवा. नमस्कार!